लिंक कोणी उघडायची, ते मी सांगते

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पुढे पाहाल असं वाटतही नाही. मी संगणकाच्या पोटात राहते. मला वजन नाही, रंग नाही. वहीच्या अर्ध्या पानावर मावतील एवढ्या ओळी, म्हणजे मी. अशा ओळींना स्क्रिप्ट म्हणतात. संगणकाने एकामागून एक काय काय करायचं, ते त्यांत लिहिलेलं असतं. माझं वय माणसांच्या हिशेबाने मोजाल तर मी अजून नीट शाळेतही गेले नसते. पण संगणकाच्या जगात एवढ्यात म्हातारपण येतं. माझ्यानंतर आलेल्या कित्येक फायली केव्हाच पुसल्या गेल्या, मी मात्र टिकून आहे. रोज सकाळी उठते, माझं एवढंसं काम करते आणि पुन्हा झोपी जाते.

काम काय, ते आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. इंटरनेटवरची पानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ब्राउझर म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. एका संगणकात दोन-तीन ब्राउझर सुखाने नांदू शकतात. पण एखाद्या निरोपात लिंक आली आणि तुम्ही ती दाबली, तर ते पान कोणी उघडायचं? घरात दाराची बेल वाजली आणि सगळेच एकदम धावले तर दारात नुसती टक्कर व्हायची. म्हणून एकाला आधीच सांगून ठेवलेलं असतं, ‘बेल वाजली की तू उठायचंस.’ त्याला डिफॉल्ट ब्राउझर म्हणतात. तो कोण, हे संगणकाला बजावून सांगणं हे माझं काम. ऐकायला अगदी किरकोळ वाटतं ना? सुरुवातीला मलाही तसंच वाटायचं.

माझा जन्म एका मोठ्या रुग्णालयात झाला. तुमच्यापैकी पुष्कळ जणांचा झाला असेल तसाच, फक्त प्रसूतीच्या खोलीत नाही, तर तळमजल्यावरच्या देखभाल विभागात. माझ्या जन्मदात्याला सगळे वायरकाका म्हणत. उंच, थोडे वाकलेले, आणि डॉक्टर स्टेथोस्कोप मिरवतात तशी गळ्यात कायम एखादी वायर अडकवलेली. रुग्णालयातला दिवा गेला, पंखा कुरकुरला, संगणक रुसला, की वायरकाकांना हाक. माणूस मनाचा चांगला. घाई मात्र अशी, की एक काम हातात असतानाच दुसऱ्या कामाच्या दिशेने पाय वळलेले असायचे.

ज्या संगणकांसाठी मी जन्मले, ते चौकशी कक्षात आहेत. एक लांबट खोली, काचेची भिंत, ओळीने लावलेली टेबलं. प्रत्येक टेबलावर एक संगणक, एक फोन आणि कानाला लावायचा हेडफोन, त्याचा फोम विटून गेलेला. बाहेरच्या बोळातून फिनेलचा वास आणि लिफ्टची टुणटुण आत येते. इथे दिवसभर लोकांचे फोन येतात. आईला कुठल्या वॉर्डात ठेवलंय, भावाचं ऑपरेशन झालं का, भेटायला केव्हा येऊ. फोन घेणारी व्यक्ती रुग्णाचं नाव टाइप करते, पडद्यावर एक लिंक येते, ती दाबली की त्या रुग्णाचं पान उघडतं. ते वाचून समोरच्याला सांगायचं. इथे काय काय बोललं जातं ते मला कसं कळतं, असं विचाराल, तर त्या हेडफोनांचे माइक कोणी कधी बंदच करत नाही. मी काही चोरून ऐकत नाही हो, कानावर पडतं. माझ्या जन्माआधीचं जे सांगतेय, तेही पुढे इथल्याच गप्पांत ऐकलेलं.

त्या कक्षात एक तरुण मुलगी नव्याने लागली होती. तिला लहानपणापासून दिसत नाही. पडद्यावर जे असेल ते तिचा संगणक तिला कानात वाचून दाखवतो. आणि वाचतो तेही काय वेगाने! आपल्याला नुसती भुणभुण ऐकू येईल, पण तिला त्यातला शब्दन् शब्द कळतो. म्हणून वायरकाकांनी तिचं नाव ठेवलं सुसाट. पुढे सगळा कक्ष तिला त्याच नावाने हाक मारू लागला आणि तिलाही ते आवडलं. आवाज तिचा असा समजूतदार, की घाबरून फोन करणारी माणसं दोन वाक्यांत शांत व्हायची.

पण एक गोष्ट तिच्या वाटेत आडवी येत होती. त्या संगणकांत दोन ब्राउझर होते, एक जुना आणि एक नवा. नव्यात उघडलेलं पान कानात घडाघडा वाचलं जायचं. जुन्यात तेच पान उघडलं की वाचणारा आवाज एवढंच म्हणायचा, “कोरं पान.” पडद्यावर पान भरलेलं असायचं, वॉर्ड, खाट, डॉक्टरांचं नाव, सगळं. बाकीच्यांना ते डोळ्यांनी दिसायचं, त्यामुळे ब्राउझर जुना आहे की नवा, याची त्यांना फिकीर नव्हती. आणि संगणकात दर थोड्या दिवसांनी जे अपडेट यायचं, ते त्या जुन्यालाच पुन्हा डिफॉल्ट करून जायचं. वायरकाकांनी ते हाताने कितीदा बदललं! पण कक्षात कोणाचं टेबल ठरलेलं नव्हतं, आज हे तर उद्या ते. आणि कर्मचाऱ्यांनी सेटिंगला हात लावायचा नाही, असा तिथला नियम, त्यामुळे ती स्वतः काही करू शकत नव्हती.

मग ती काय करायची? लिंक उचलायची, नव्या ब्राउझरमध्ये जायची, तिथे चिकटवायची आणि मग ऐकायची. तोवर फोनवरचा माणूस कासावीस. “हॅलो, आहात ना? हॅलो?” फोन फारच तुंबले, की ती शेजारच्या टेबलाकडे मान वळवून म्हणायची, “मावशी, जरा बघता का हो, काय लिहिलंय?” शेजारच्या मावशी लगेच बघायच्या. त्यांनी कधी कपाळाला आठी घातली नाही. पण विचारताना सुसाटचा आवाज दर वेळी थोडा बारीक व्हायचा, ते मावशींच्या लक्षात यायचं.

तिची नोकरी अजून कच्ची होती. ती पक्की करायची की नाही, हे कक्षाच्या प्रमुख ठरवणार होत्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. करड्या होत्या, पण दुष्ट मुळीच नव्हत्या. त्यांनी मावशींना एकदा म्हटलं, ते मला पुढे मावशींच्या तोंडून कळलं.

“मुलगी गोड बोलते, हुशार आहे, सगळं कबूल. पण एकटीने होत नाही तिच्याने. दर दोन फोनांमागे तुम्हाला उठावं लागतं. असंच चाललं तर तिला चादरींच्या कोठीत पाठवावं लागेल, घड्या घालायला.”

मावशींनी ते जपून, आडून आडून सुसाटला सांगितलं. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाली, “घड्या घालण्यात कमीपणा नाही हो मावशी. पण मला बोलायचं काम येतं. ते मी शिकून आलेय. येत असलेलं काम सोडून मी चादरी का मोजत बसू?”

ही गोष्ट वायरकाकांच्या कानावर गेली आणि त्यांना चैन पडेना. दर वेळी हाताने बदलण्यापेक्षा एकदाच काय ते लिहून टाकू, असं म्हणत त्यांनी चहाचा कप बाजूला सारला आणि मला लिहायला घेतलं. डिफॉल्ट कोण आहे, ते विचार. जुना असेल तर नव्याला बसव. बसला का, ते पुन्हा विचार. बसला असेल तर ‘झालं’ म्हण. या माझ्या पहिल्या ओळी. मला त्यांनी नाव दिलं ‘चालते का बघ’. पुढे सवडीने चांगलं नाव ठेवू, असं त्यांच्या मनात असणार, पण सवड आणि वायरकाका यांची कधी गाठच पडली नाही.

त्याच संध्याकाळी, कक्षातली माणसं पाळी बदलत असताना, ते प्रत्येक टेबलावर जाऊन बसले आणि प्रत्येक संगणकावर मला चालवलं. मी प्रत्येक ठिकाणी चोख काम केलं. त्यांनी एक लिंक दाबून पाहिली, नवा ब्राउझर टुणकन उघडला. वायरकाकांनी टेबलावर थाप मारली. मला वाटलं, माझीच पाठ थोपटली. जाताना ते मोठ्या बाईंना सांगून गेले, “आता काळजी सोडा. आजपासून तो त्रास संपला.”

दुसऱ्या दिवशी सुसाट आली, हसत हसत बसली, आपल्या नावाने संगणक उघडला. पहिला फोन आला, तिने लिंक दाबली आणि कानात आवाज आला, “कोरं पान.”

मित्रांनो, आधी ती अडली की सगळे म्हणायचे, संगणकात बिघाड आहे. आता बिघाड दुरुस्त झालेला होता, निदान सगळ्यांना तसं सांगितलेलं होतं. मग दोष कोणाचा उरला? वायरकाकांना बोलावलं. त्यांनी तिच्याच टेबलावर बसून आपल्या नावाने संगणक उघडला, लिंक दाबली, आणि नवा ब्राउझर पुन्हा टुणकन हजर! काका बुचकळ्यात पडले आणि जगातल्या सगळ्या दुरुस्ती करणाऱ्यांचं लाडकं वाक्य बोलले, “माझ्याकडे तर चालतंय!”

मोठ्या बाई नुसत्या “हं” म्हणाल्या. त्या ‘हं’मध्ये चादरींची आख्खी कोठी होती.

“माझंच काहीतरी चुकत असेल,” सुसाट म्हणाली. इतक्या हळू, की माइकला जेमतेम ऐकू आलं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण मला तोंड कुठे आहे? मला ‘झालं’ एवढा एकच शब्द येतो आणि तो मी आधीच म्हणून बसले होते. त्या दिवशी वायरकाकांनी मला ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलून दिलं. तिथे माझ्यासारख्याच टाकून दिलेल्या फायली होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. आपला जन्म फुकट गेला, असं मला वाटलं.

पण वायरकाकांच्या मनातून काही ते जाईना. दुपारी लिफ्टचं काम अर्ध्यावर टाकून ते पुन्हा कक्षात आले.

“ऊठ बघू जरा, मी पुन्हा एकदा बघतो.”

“नको काका,” सुसाट म्हणाली. “तुम्ही बसलात की चालतंच. आता मी बसते, तुम्ही ऐका.” आणि तिने आपला हेडफोन त्यांच्या हातात दिला.

काकांनी तो कानाला लावला आणि दचकून काढला. “हे काय गं? कानात कोणी डाळ पाखडतंय की काय?”

ती खळखळून हसली. किती दिवसांनी! “थांबा, तुमच्यासाठी सावकाश करते.” तिने वेग उतरवला, संगणक बंद करून पुन्हा आपल्या नावाने उघडला. आवाजाने तिचं नाव घेऊन नमस्कार केला. मग तिने लिंक दाबली. वायरकाकांच्या डोळ्यांसमोर पान भरभरून उघडलं होतं आणि कानात आवाज म्हणत होता, “कोरं पान.” इतके महिने ते ही तक्रार ऐकत होते, पण ती नेमकी कशी ऐकू येते, ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

मग एकदम त्यांच्या डोक्यात काहीतरी लखकन चमकलं.

“काय गं, मघाशी मी उघडला तेव्हा यानं नमस्कार कोणाला केला?”

“देखभाल विभागाला. हेडफोन माझ्याच कानाला होता ना. तुम्ही बसलात की तसंच म्हणतो तो.”

काकांनी कपाळावर हात मारला. “अरे देवा! म्हणजे सगळ्या टेबलांवर फिरून मी माझंच घर झाडून आलो की!”

नेमकं तेच झालं होतं, मित्रांनो. संगणक एक असला तरी त्यात येणाऱ्या प्रत्येकाचं सामान वेगळं ठेवलेलं असतं, एका खोलीत प्रत्येकाचं वेगळं कपाट असावं तसं. मला ज्याच्या नावाने चालवाल, त्याच्याच कपाटात मी हात घालू शकते. वायरकाकांनी मला प्रत्येक संगणकावर स्वतःच्या नावाने चालवलं, म्हणून प्रत्येक संगणकावर त्यांचं कपाट लख्ख झालं. सुसाटच्या कपाटाला माझा हातही लागला नव्हता.

त्यांनी मला ‘जुनं’मधून बाहेर काढलं. या वेळी घाई केली नाही. चहा गार झाला तरी उठले नाहीत. कोणीही, कुठल्याही टेबलावर, आपल्या नावाने संगणक उघडला की मी आपोआप जागी व्हावं आणि त्याच्याच नावाने काम करावं, अशी माझी नवी नेमणूक झाली. म्हणजे अपडेटने जुन्या ब्राउझरला कितीही वेळा पुढे केलं, तरी सकाळी मी आहेच. मग सुसाटने आपल्या नावाने संगणक उघडून दिला आणि काका तिच्या खुर्चीत बसले. त्यांनी माऊस उपटून खिशात घातला, हेडफोन लावला, डोळे घट्ट मिटले आणि नुसत्या बटणांवर चाचपडत एक लिंक उघडली. पान वाचलं जाऊ लागलं. काकांनी डोळे उघडले नाहीत. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकलं.

“चालतंय,” ते म्हणाले. “तुझ्याकडे चालतंय.”

मोठ्या बाईंना एवढ्याने पटणार नव्हतं. त्या म्हणाल्या, “उद्या मी स्वतः बसते.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी स्टूल ओढून सुसाटच्या शेजारी बसल्या. मावशींना मुद्दाम टोकाच्या टेबलावर पाठवलं. वायरकाका काचेबाहेर, कुठलाही बिघाड नसलेला एक प्लग तपासत उभे राहिले.

आणि नेमकं रात्रीत अपडेट येऊन गेलेलं! सुसाटने आपलं नाव टाइप केलं, मी जागी झाले आणि पाहते तर जुने महाशय पुन्हा ऐटीत बसलेले. माझी तर पाचावर धारण बसली. इतक्या जणांची आशा आणि मी एवढीशी. मी विचारलं, डिफॉल्ट कोण? उत्तर आलं, जुना. मी सांगितलं, नवा. पुन्हा विचारलं, कोण? पापणी लवायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल, पण मला तो युगासारखा वाटला. उत्तर आलं, नवा.

झालं.

तेवढ्यात फोन वाजला. एका माणसाचा घोगरा आवाज होता. “अहो, माझ्या वडिलांना सकाळी रस्त्यात चक्कर आली म्हणून कोणीतरी तुमच्याकडे आणलंय म्हणे. मी गावाबाहेर आहे. कोणी काही सांगत नाहीये. जरा बघता का हो?”

सुसाटने नाव टाइप केलं. लिंक आली. तिने ती दाबली आणि श्वास रोखला. मोठ्या बाईंनीही रोखला असावा, कारण माइकवर एकदम शांत झालं. मग हेडफोनातली ती भुणभुण सुरू झाली, सरसर, न अडखळता.

“सापडले,” सुसाट म्हणाली. “दुसऱ्या मजल्यावर आहेत, खिडकीजवळची खाट. डॉक्टरांनी तपासलंय. भेटायला हरकत नाही असं लिहिलंय.”

“म्हणजे... बरे आहेत ना?”

“भेटायची परवानगी दिलीय म्हणजे बोलण्यासारखे आहेत. या तुम्ही. गाडी सावकाश चालवा, ते इथेच आहेत.”

तो माणूस फोनवरच हुंदका देऊन रडला, सुटकेचा. त्याचा जीव भांड्यात पडला, सुसाटचा पडला, काचेबाहेर काकांचा पडला, आणि मला जीव असता तर माझाही पडला असता. मोठ्या बाईंनी आणखी बरेच फोन ऐकले. मग उठल्या आणि स्टूल जागेवर नेऊन ठेवलं.

“उद्या मला इथे बसायला लावू नका,” त्या म्हणाल्या. “कंबर धरली माझी. आणि तुझी नोकरी पक्की समज.”

पुढची गोष्ट थोडक्यात सांगते. वायरकाका निवृत्त झाले. त्यांच्या निरोपसमारंभात त्यांनी दुरुस्त केलेल्या लिफ्टचं कौतुक झालं, दिव्यांचं झालं, माझं नाव कोणी घेतलं नाही. थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण मग विचार केला, मी आठवायला हवी असेन तर काहीतरी बिघडायला हवं. त्यापेक्षा विसरलेली बरी. मित्रांनो, तुम्ही मोठेपणी कोणासाठी काही दुरुस्त कराल, एखादं यंत्र, एखादं दार, एखादी स्क्रिप्टसुद्धा. तेव्हा ते तुमच्या हाताने चाललं म्हणून लगेच उठू नका. ज्याच्यासाठी केलंत, त्याच्या खुर्चीत बसा, त्याच्या नावाने करून बघा, आणि तो ‘चालत नाही’ म्हणाला तर आधी त्याचं खरं धरा. आणि आमच्यासारख्या जुन्या, मुक्या फायली पुसण्यापूर्वी त्या कोणासाठी जाग्या होतात, तेवढं विचारा.

आता एकच सकाळ सांगायची राहिली. नोकरी पक्की झाल्यावर काही दिवसांनी मोठ्या बाई सुसाटला म्हणाल्या, “सकाळची पहिली पाळी घेशील का? विचार करून सांग. तेव्हा कक्षात एकच जण असतो, मदतीला कोणी...”

“घेते,” सुसाट म्हणाली. बाईंचं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही.

त्या सकाळी ती आली तेव्हा बोळात फरशी पुसल्याचा ओला वास होता आणि सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तिने मधलं टेबल निवडलं, आपलं नाव टाइप केलं. मी उठले, माझं काम केलं. फोन वाजला.

“चौकशी कक्ष,” ती म्हणाली. “बोला, मी ऐकतेय.”

लिंक उघडली, पान वाचलं गेलं, पलीकडे कोणीतरी “देव तुमचं भलं करो” म्हणालं. मग दुसरा फोन, मग तिसरा. पाळी संपेपर्यंत त्या खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं, आणि कोणी लागलंही नाही.